इंग्लंडचे तरुण फुटबॉलपटू जर्मन क्लबांकडे का जातात?

मुख्य कारण पैसा नसून, कोवळ्या वयात वरिष्ठ संघातून नियमित सामने खेळण्याची संधी हे आहे. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च स्पर्धेतील श्रीमंत क्लब तयार खेळाडू विकत घेतात, त्यामुळे त्यांच्या अकादमीतील गुणी मुलांना पहिल्या संघात जागा मिळणे फार कठीण जाते. जेडन सँचो २०१७ मध्ये, वयाच्या १७व्या वर्षी, मँचेस्टर सिटी सोडून जर्मनीच्या बोरुसिया डॉर्टमुंड क्लबकडे गेला, तिथे नियमित खेळू लागला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याने इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून पदार्पणही केले. २०२० मध्ये ज्यूड बेलिंगहॅम बर्मिंगहॅम सिटीतून त्याच क्लबकडे गेला. मात्र तो आधीच बर्मिंगहॅमच्या पहिल्या संघात खेळत होता, त्याला हवी होती ती वरच्या दर्जाची स्पर्धा. या वयात घर सोडणे सोपे नसते, म्हणून त्याची आई डॉर्टमुंडला त्याच्याजवळ राहिली आणि वडील धाकट्या मुलासाठी इंग्लंडमध्ये थांबले. आता एक मर्यादा लक्षात घ्यावी: १६ ते १८ वयोगटाला परदेशी क्लबकडे जाण्यासाठी फिफाने (जागतिक फुटबॉल महासंघाने) दिलेली सवलत युरोपीय संघ व युरोपीय आर्थिक क्षेत्रापुरती असल्याने, ब्रेक्झिटनंतर, म्हणजे २०२१ पासून, इंग्लिश खेळाडूला साधारणपणे १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच असे स्थलांतर करता येते.