डभोईत वेशीजवळचं जुनं घर पहिलं घर म्हणून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की दोघांची नोकरी मकरपुऱ्यात आहे, बडोद्यात मनासारखा फ्लॅट परवडत नाही, आणि जवळच्या डभोईत हिरा भागोळीच्या (भागोळ म्हणजे गावची वेस) आत एक जुनं दुमजली घर बजेटमध्ये बसतंय. ते पाडून नवं बांधायचं, असा बेत आहे. हे 'पाडून' वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. बाना (इसार) देऊन टाकला नसेल तर कृपा करून दोन दिवस थांबा.

हिरा भागोळ केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, डभोईच्या बाकीच्या तीन वेशीही आहेत. २०१० च्या दुरुस्तीनंतर कायदा असा आहे की संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, आणि पाडून पुन्हा बांधणंही तिथे चालत नाही. असलेल्या घराची दुरुस्ती करता येते, पण तीही परवानगी घेऊन. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये बांधता येतं, तिथेही आधी परवानगी लागते. नियम मोडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नगरपालिकेची रजाचिठ्ठी (बांधकामाची परवानगी) आहे म्हणून यातून सुटका होत नाही. त्यामुळे आधी अंतर मोजा. अंतर कमानीपासून नाही, संरक्षित हद्दीपासून धरतात, म्हणून मालकाच्या 'हे तर लांब आहे हो' वर विसंबू नका.

मी हे छातीठोकपणे सांगते कारण आमचं घर नांदोदी भागोळीपासून ऐंशी-पंच्याऐंशी मीटरवर आहे. आम्ही दुरुस्तीच केली: कौलं बदलली, दोन तुळया बदलल्या, जुन्या भिंतींच्या आतच संडास-बाथरूम बसवलं. कागद फिरण्यात बरेच महिने गेले. तोवर आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात आईकडे होतो. तुम्हाला या घराचे खांब, ओसरी, माळा आहे तसाच आवडत असेल तर घर घ्या. फक्त जागेसाठी घेत असाल तर दुसरं शोधा.

लाकूड नीट तपासा. नक्षीचा खांब वरून सुंदरच दिसतो. आमच्या मिस्त्रीने खालच्या टोकाला, दगडी बैठकीला जिथे टेकतो तिथे, स्क्रू-ड्रायव्हर दाबला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. वरचा चार हात सागवान ठणठणीत, खालची वीतभर नुसता भुसा. असे दोन खांब निघाले आणि किमतीत आम्ही ते वळते करून घेतले. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूसही अशा घराला किंमत हात आखडून लावतो, तेव्हा कर्ज ठरलेल्या भावावर मिळेल असं धरून चालू नका. थोडी रोकड जास्त हाताशी ठेवा.

आता कागद. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड मागा आणि त्यावर वारसाई चढली आहे का ते पाहा. वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचा टायटल सर्च, म्हणजे मालकी कुणाकडून कुणाकडे गेली याचा तपास, करून घ्या. आमच्याकडे घर विकणाऱ्या दोघा भावांनी पेढीनामा (वारसांची वंशावळ) पुढे केला होता, त्यात दोघांचीच नावं. वकीलसाहेबांनी विचारलं, "बहीण नाही का कुणी?" होती, मुंबईत दिलेली. वडिलांच्या घरात मुलीचा हिस्सा मुलाइतकाच असतो, तिच्या सहीशिवाय दस्तावेज म्हणजे पुढचा दावा अंगावर घेणं. चार महिने गेले. शेवटी त्या मावशी आल्या, वयस्कर, काठी टेकत. सही करायच्या आधी मागच्या चौकात जाऊन त्यांनी पावसाच्या पाण्याच्या टाक्याचं झाकण उघडायला लावलं, वाकून पाणी बघितलं आणि म्हणाल्या, "हे बुजवू नका." आम्ही बुजवलेलं नाही.

खर्चाचं पटकन सांगते. मुद्रांक शुल्क ४.९ टक्के, नोंदणी फी १ टक्का, ठरलेली किंमत आणि जंत्री (सरकारी दराने येणारी किंमत) यांत जे जास्त असेल त्यावर. दस्तावेज फक्त बाईच्या नावावर केला तर नोंदणी फी माफ होते. म्हणजे ३० लाखांच्या घरावर १,४७,००० शुल्क लागेल आणि ३०,००० वाचतील. नवऱ्याचं नाव जोडलं की ही माफी जाते. आमच्याकडे दस्तावेज माझ्या एकटीच्या नावावर आहे आणि घरात त्यावरून कुणी कुरकुर केली नाही.

येण्या-जाण्याची काळजी मात्र कमी करा. १८६२ साली खंडेराव गायकवाडांच्या काळात याच डभोईहून मियागामला रुळांवरून बैलांनी ओढलेली गाडी सुरू झाली होती. आता बडोद्यातल्या प्रतापनगर स्टेशनपासून डभोईपर्यंतची लाइन ब्रॉडगेज आहे आणि प्रतापनगरहून एकतानगरकडे (केवडियाकडे) जाणाऱ्या गाड्या डभोईवरून जातात. प्रतापनगरहून मकरपुरा जवळच.

आणखी एक करा. जोराचा पाऊस चालू असताना, मालकाला न कळवता, एकदा घर बघायला जा आणि माळ्यावर चढा. हिरा भागोळीकडच्या गल्ल्यांत पाणी कुठे साचतं तेही दिसेल. टेप घेऊन मोजायला येणार असाल त्या रविवारी कळवा, आमच्याकडेच चहाला या. पुरातत्त्व खात्याला केलेल्या अर्जाची प्रत माझ्याकडे आहे, ती दाखवते.