सौर प्रारणाचे आकडे : आधी एवढे तपासा

तुम्ही सौर प्रारणाचे, म्हणजे जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेचे, एकाच वर्षाचे आकडे घेऊन सौर पॅनेलच्या वीजनिर्मितीचा हिशेब मांडला आहे. दिशा योग्य आहे, परंतु ढग आणि हवेतील धूळ यांमुळे वार्षिक प्रारण काही टक्क्यांनी कमीजास्त होत असल्याने किमान दहा वर्षांची मालिका घ्यावी.

नासा पॉवर (नासाचा) किंवा पीव्हीजीआयएस (युरोपीय आयोगाचा) या मोफत ऑनलाइन माहितीसंचांचे आकडे मुख्यतः उपग्रहाच्या निरीक्षणांवरून काढलेले अंदाज असतात, जागेवरचे मोजमाप नव्हे. नासा पॉवरमध्ये प्रारणाचा एकेक आकडा नकाशावरील एका चौकोनासाठी असतो; हा चौकोन अक्षांश-रेखांशाच्या एक अंशाचा, म्हणजे विषुववृत्ताजवळ सुमारे १११ किलोमीटर बाजूचा असतो. त्यात डोंगर आणि किनारा यांचा एकच आकडा होऊन बसतो. म्हणून दोन स्वतंत्र स्रोत ताडून पाहा आणि तफावत मोठी असल्यास कमी आकडा धरा.

नवख्यांच्या हमखास चुका अशा:

- आडव्या पृष्ठभागावरील प्रारण तिरक्या पॅनेलला जसेच्या तसे लावणे.
- जागतिक प्रमाणवेळ आणि स्थानिक वेळ यांची गल्लत करणे. प्रारणाचे शिखर भलत्याच तासाला दिसले, तर आधी हेच तपासा.
- जमिनीवरील मोजमाप डोळे झाकून खरे मानणे. पायरानोमीटरच्या (प्रारण मोजणाऱ्या उपकरणाच्या) काचेच्या घुमटावर धूळ साचली की नोंद कमी येते.

अमुक इतकी वीज मिळण्याची शक्यता किती, ही संभाव्यतेची गणिते तूर्त बाजूला ठेवून प्रारणाच्या महिनावार सरासरीचा तक्ता करा. तो आपण एकत्र तपासू.