सही करण्याआधी एक रविवार आईपाशी

‘ताई, वडील जाऊन वर्ष झालं. नदीकाठच्या गावात आमचं तीन एकर रान आहे, धाकटा भाऊ बघतो. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला, “आक्का, गुरुवारी कोल्हापुरात कचेरीत ये की. हक्कसोडाची सही तेवढी करून जा, वारस नोंद अडकलीया.” इकडं आमचे हे म्हणतात, सही केलीस तर मूर्ख ठरशील, हिस्सा घे, फ्लॅटचं कर्ज फिटेल. मला रान नकोच आहे. तरी फोन ठेवल्यापासून पोटात तुटतंय. सही केली नाही तर माहेर तुटेल. मी वाईट बहीण आहे का?’
— राजारामपुरीतून एक वाचक, वय ३८

तुला ‘तू’च म्हणते, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. फुलस्केपची अडीच पानं. भाऊ काय म्हणतो ते एका पानावर, नवरा काय म्हणतो ते दुसऱ्यावर. ‘मला वाटतं’ हे दोन शब्द एकदाच आलेत, शेवटच्या अर्ध्या पानावर, आणि तेही तू खोडलेत. खोडाखोडीखाली काय होतं ते उजेडात धरूनही मला वाचता आलं नाही. पोटात तुटतंय ते तिथं आहे, बाई. रानासाठी तुटत नाही. तुला कुणी विचारलंच नाही, म्हणून तुटतंय. भावानं परस्पर वार ठरवला, नवऱ्यानं परस्पर पैसे खर्च करून टाकले.

गुरुवारी जाऊ नकोस. हे मी अगदी स्पष्ट सांगते.

वारस नोंद आणि हक्कसोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावाकडं त्या एकाच दमात सांगतात आणि बायका एकाच दमात ऐकतात. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडं अर्ज करायचा, फेरफार होतो आणि सातबाऱ्यावर सगळ्या वारसांची नावं चढतात. त्यासाठी कुणाला हक्क सोडावा लागत नाही. हक्कसोडपत्राची नोंदणी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत होते. एकदा ती झाली की मागं फिरणं फार अवघड. फसवणूक झाली, दबाव होता, हे कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं, आणि तेही सख्ख्या भावाविरुद्ध.

हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाइतकीच जन्मानं हक्कदार आहे. लग्न झालं म्हणून तो हक्क जात नाही. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं हे आणखी पक्कं केलं. ‘लग्नात एवढा खर्च केला, तोच तिचा हिस्सा’ असं चावडीवर म्हणतात, कायदा म्हणत नाही. कागद समोर आला तर आधी वकिलाला दाखव. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, बाईमाणसाला तिथं सल्ला फुकट मिळतो, नवऱ्याचा पगार कितीही असो.

आता माझं सांगते. १९९९ साली मीही सही केली. कचेरीतल्या कारकुनानं विचारलं, ‘स्वखुशीनं सोडताय ना?’ मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, ‘हो हो.’ मी मान हलवली. अंगठ्याची शाई पुसायला त्यानंच रुमाल दिला. नंतर महाद्वार रोडवर नेऊन मला साडी घेतली, हिरवी, जरीच्या काठाची. भाऊ वाईट नव्हता, आजही नाही. पण त्या साडीची घडी मी अजून मोडलेली नाही. ट्रंकेत डांबरगोळ्यांत पडून आहे. मला खरंच विचारलं असतं, तर कदाचित मी ते रान आनंदानं दिलं असतं. देण्याचं ते सुख माझ्या वाट्याला आलं नाही.

तुझ्या भावाचीही बाजू आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कमरेइतक्या पाण्यातून त्यानं म्हशी सोडवल्या, उभा ऊस कुजला, असं तूच लिहिलंस. २०२१ ला पुन्हा तेच. त्या मातीत त्याचा घाम आहे आणि त्याला भीती आहे ती दाजींची, तुझी नव्हे. उद्या कुणी येऊन एकर मोजून विकेल, ही भीती. ती त्याच्या तोंडून ऐक. वैनी नको, दाजी नकोत, भावकीतला मोठा माणूस तर अजिबात नको. तुम्ही दोघंच बांधावर बसा. नाव सातबाऱ्यावर राहू दे, रान तूच कर, असंही ठरवता येतं. नंतर मन मोठं झालं तर सोडही. पण ते तुझं देणं असू दे.

नवऱ्यालाही एकदा शांतपणे सांग, की कर्जाचं आपण दोघं मिळून बघू, पण हे रान त्या हिशोबात धरू नका. हे म्हणताना आवाज कापेल. कापू दे.

एक गोष्ट मात्र मला सारखी टोचतेय. अडीच पानांत आईची सही कुठं आहे? तिचाही वाटा आहे. तिनं आधीच अंगठा दिलाय का? सत्तरीच्या बाईच्या नावावर काही असणं आणि नसणं, यानं घरात तिच्याशी बोलण्याचा सूर बदलतो. चांगल्या घरांतही बदलतो, मी पाहिलंय. तुझ्या हिश्श्याचं काय करायचं ते तू सावकाश ठरव, पण आईचं नाव पुसू देऊ नकोस. यावर भावाशी भांडण झालं तरी चालेल.

आणि वाईट बहीण? गेलं वर्षभर दर रविवारी आईच्या गोळ्या घेऊन एसटीनं जातेस, असं तू कंसात लिहिलंस, जणू सांगण्यासारखं नसावं. एका कागदावरून तुटणारं माहेर असेल, तर ते कागदानं टिकणारही नाही. पण मला तुझा भाऊ तसा वाटत नाही. आक्का म्हणतो तो तुला, आणि वडिलांनंतर पहिल्या दिवाळीला तोच तुझ्या दारात आला होता.

आज रात्रीच त्याला फोन कर. म्हण, ‘या गुरुवारी जमायचं नाही. रविवारी मी एकटीच येते, आपण बोलू. आईला सांग, भाकरी थापू नको, मी येऊन थापते.’

काय झालं ते मला नक्की लिही. यावेळी काही खोडू नकोस.