'ऋणे सोड' म्हणजे नक्की काय सोड?

प्रश्न नागपूरच्या सदरमधल्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: घरच्या प्रार्थनेत आम्ही 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड' असं म्हणतो. सहावीतली मुलगी विचारते, ऋणे म्हणजे बँकेचं लोन का? सरळ 'माफ कर' का म्हणत नाही? दुसरं असं, की मोठ्या जाऊबाईंशी सहा महिने अबोला आहे. सासूबाईंच्या दवाखान्याच्या खर्चातले त्यांच्या वाट्याचे ८,००० रुपये आले नाहीत आणि त्यावरून मी त्यांना चारचौघांत टोचून बोलले. नाताळाआधी मिटवायचं आहे. चिठ्ठीत 'क्षमस्व' लिहू, 'क्षमा करा' लिहू की 'माफ करा'?

मुलीला सांगा, जवळजवळ लोनच. ही येशूने शिकवलेली प्रार्थना. मत्तयाच्या शुभवर्तमानात (६:१२) तिथे मूळ ग्रीक शब्द 'ओफेइलेमाता' आहे, म्हणजे देणं, थकबाकी. मराठी भाषांतरकारांनी शब्दाला शब्द ठेवला. घोटाळा केला तो आपण. 'ऋण' हा शब्द उधारीतून उठवून आभारप्रदर्शनात नेऊन बसवला. 'मी आपला ऋणी आहे' म्हणणाऱ्याकडे कोणी पैसे मागत नाही. गणिताच्या पुस्तकात मात्र जुना अर्थ शाबूत आहे: ऋण पाच म्हणजे शून्याच्याही खाली पाच. मुलीला तिथून चटकन कळेल.

खरी गंमत 'सोड' या क्रियापदात आहे. ग्रीकमध्ये इथे 'आफिएमी' आहे आणि ते काही खास धार्मिक क्रियापद नाही. शिष्य जाळी सोडून निघतात (मत्तय ४:२०), पेत्र या शिष्याच्या सासूचा ताप निघतो (८:१५), अर्पण वेदीपुढे तसंच ठेवून आधी भावाकडे जा असं येशू सांगतो (५:२४), तिथे सगळीकडे हेच. मराठी 'सोडणे'ही असंच ऐसपैस आहे. आपण गाय सोडतो, उपास सोडतो, पाहुण्यांना स्टेशनवर सोडतो. बुडालेल्या पैशावर पाणी सोडतो. आणि वडिलोपार्जित घरातला हिस्सा भावाच्या नावे करायचा तर हक्कसोडपत्र लिहितो. प्रार्थनेतल्या ओळीला सगळ्यात जवळचा मराठी शब्द मला हाच वाटतो, हक्कसोड. त्यात हक्क होता हे आधी मान्य केलेलं असतं. नसलेला हक्क सोडता येत नाही.

नागपुरात या ओळीची दोन रूपं कानावर पडतात, कारण कॅथलिक प्रार्थनेत 'अपराध' आणि 'क्षमा' हे शब्द आहेत. इंग्रजीतही हा भेद जुनाच आहे: स्कॉटिश परंपरेचे लोक 'डेट्स' (कर्जं) म्हणत आले, अँग्लिकन 'ट्रेसपासेस' (अपराध). मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्यामुळे स्कॉटिश मिशन इथे १८४५ पासून, सदरचं ऑल सेंट्स कॅथीड्रल अँग्लिकन. आणि सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेही नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७० रोजी. कर्जवाले आणि अपराधवाले एकाच मंडळीत आले. दोन्हींपैकी चूक कोणतंच नाही. फक्त 'ऋण' म्हटलं की हिशेब डोळ्यांसमोर येतो, 'अपराध' म्हटलं की कोर्ट.

आता 'क्षमा'. या शब्दाचा मला थोडा धाक वाटतो. संस्कृत 'क्षम्' म्हणजे सहन करणं. म्हणून सगळ्यांचा भार वाहणाऱ्या पृथ्वीलाही 'क्षमा' म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण त्याच्या पोटात 'सोसणे' बसलेलं आहे, आणि सुनांना, बायकांना 'क्षमा कर बाई' असं सांगितलं जातं तेव्हा पुष्कळदा 'सोस बाई' असंच सांगितलेलं असतं. 'सोडणे' आणि 'सोसणे' यांत एका अक्षराचा फरक आहे आणि येशूच्या शिकवणीत तो फरक मोठा आहे. लूक १७:३ मध्ये क्रम स्पष्ट दिलाय: भावाने अपराध केला तर आधी त्याला दोष दाखव, त्याला पश्चात्ताप झाला तर क्षमा कर. मारझोड चालू असताना गप्प बसणं याला सोडणं म्हणत नाहीत. तिथे पोलिसात जाणं हे क्षमेच्या आड येत नाही.

'माफी' अरबीतून आली आणि आपल्याकडे महसुलात रुळली. माफीची जमीन म्हणजे जिचा सारा माफ. म्हणून विदर्भात 'कर्जमाफी' सहज बोललं जातं, 'कर्जक्षमा' कोणी म्हणणार नाही. २०१९ च्या राज्य सरकारच्या योजनेने तर नावात 'कर्जमुक्ती' घेतलं. मर्यादा दोन लाखांची होती. या व्यवहारात एक गोष्ट नीट दिसते: शेतकऱ्याचं कर्ज माफ झालं म्हणजे रक्कम हवेत विरली असं होत नाही. बँकेला ती सरकारी तिजोरीतून मिळते. कोणीतरी भरतोच. ख्रिस्ती माणूस कृपेविषयी बोलतो तेव्हा हा मुद्दा मध्यभागी असतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हिशेब वधस्तंभावर भरला गेला.

बरं, बोलण्यातली 'कृपा' वेगळीच आहे. 'साहेबांची कृपा संपादन केली' हे मराठी म्हणून बिनचूक, पण चर्चमधल्या अर्थाने उफराटं. संपादन केली की ती मजुरी झाली. रोमकरांस पत्रात (४:४) प्रेषित पौल नेमकं हेच म्हणतो: काम करणाऱ्याची मजुरी ही कृपा नव्हे, ते त्याचं येणं आहे. 'दया' दुःखिताकडे पाहून येते. 'कृपा' लायकी न पाहता दिली जाते. आणि भाषांतरात हरवलेला एक धागा असा: इफिसकरांस ४:३२ आणि कलस्सैकरांस ३:१३ मध्ये 'एकमेकांना क्षमा करा' आहे, तिथे 'आफिएमी' नाही. तिथे 'खारिझोमाई' आहे, म्हणजे 'खारिस' (कृपा) या नामापासूनच झालेलं क्रियापद. अक्षरशः 'एकमेकांवर कृपा करा'. मराठीत असं म्हटलं तर टोमणा वाटेल ('कृपा करा आणि आता गप्प बसा'), म्हणून भाषांतरकारांनी 'क्षमा' घेतली असणार. त्यांचा इलाज नव्हता, पण कृपा आणि क्षमा ही दोन वेगळी खाती आहेत असा समज त्यामुळे पक्का झाला.

त्याच वचनात दुसरा 'जसे-तसे' आहे: जशी देवाने तुम्हांला क्षमा केली तशी तुम्ही करा. प्रार्थनेत दिशा उलटी दिसते, आम्ही सोडलं तशी तू सोड. म्हणून पुष्कळांना वाटतं की हा सौदा आहे, आधी माझा हप्ता, मग देवाचा. मत्तय १८ मधला दाखला हा गैरसमज काढतो, कारण तिथे राजा आधी सोडतो. चाकराचं देणं १०,००० तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार आणि दिनार ही एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. त्याच चाकराला सोबत्याकडून येणं होतं शंभर दिनार, ते मात्र त्याने सोडलं नाही. प्रवचनांत या शंभर दिनारांना 'चिल्लर' म्हणायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे तुमच्या ८,००० रुपयांपेक्षा बरीच जास्त. दाखला ती रक्कम खोटी ठरवत नाही. सहा लाखांस एक एवढंच प्रमाण दाखवतो.

म्हणूनच आपलं लाडकं 'जाऊ दे ना बाप्पा' हे क्षमेचं वाक्य नव्हे. त्यात काही घडलंच नाही असा बहाणा आहे, आणि बहाणा पुढच्या भांडणापर्यंतच टिकतो.

चिठ्ठीकडे येऊ. 'क्षमस्व' हे संस्कृत आज्ञार्थी रूप आहे: '(तू) क्षमा कर'. त्यामुळे 'मी क्षमस्व आहे' हे वाक्यच होत नाही, आणि आदरार्थी नात्यात एकेरी आज्ञाही बरी दिसत नाही. 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' ही पाटी लिफ्टवर ठीक. 'दिलगीर' म्हणजे मन खिन्न. दिलगिरी व्यक्त करणारा दुःखी असतो, चूक कबूल केलेलीच असते असं नाही. 'काही चुकलं असेल तर माफ करा' हे लग्नाच्या पंगतीत यजमानाने म्हणावं. भांडणानंतर त्यातला 'असेल तर' सगळं नासवतो. 'चूभूद्याघ्या' मुळात हिशेबाच्या तळाशी लिहायचं, तिथेच राहू द्या.

'माफ करा' लिहा. पण त्याच्या आधी आकडा मांडा, म्हणजे काय बोललात ते जसंच्या तसं:

'ताई, त्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर मी तुम्हाला पैशावरून टोचून बोलले. ते माझं चुकलं. मला माफ करा.'

बस. 'पण' नको. 'पण तुम्हीसुद्धा' आलं की आधीची तीन वाक्यं फुकट गेली. आणि ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यापैकी निदान दोघांना तरी हे कळवा. चारचौघांत काढलेलं बोलणं फक्त खासगी चिठ्ठीने पुरतं परत घेतलं जात नाही.

८,००० रुपये या चिठ्ठीत आणू नका, 'मी तुम्हाला ते सोडले' असंही नको. न मागता जाहीर केलेली क्षमा हा आरोपच असतो, फक्त गोड आवाजातला. पैशाचे दोन सरळ मार्ग आहेत. हवे असतील तर वेगळ्या दिवशी, दोघींतच (मत्तय १८:१५ मध्ये पहिली पायरी हीच आहे), रक्कम सांगून मागा. मागणं हे पाप नाही, आणि जक्कय या जकातदाराने तर चौपट परत करतो म्हटलं. सोडायचे असतील तर मुकाट्याने सोडा आणि घरच्या वहीतली नोंदही खोडा, यजमानांनाही तसं सांगा. कर्ज फिटलं तरी सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात बँकेचा बोजा तसाच राहतो आणि फेरफार होईपर्यंत जमीन अडकलेली असते, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. १ करिंथ १३:५ मध्ये प्रीती 'अपकार स्मरत नाही' असं आपण वाचतो. मूळ क्रियापद 'लोगिझोमाई' हे हिशेबात धरण्याचं आहे. आठवण येईल. ती येऊ नये असं वचनात म्हटलेलं नाही. वहीत नोंद नको एवढंच.

त्यांनी चिठ्ठीला उत्तर दिलं नाही तर तुमच्या बाजूची क्षमा अपुरी ठरत नाही. समेट हा दोघींचा शब्द आहे, सोडणं एकीचं.

आणि चिठ्ठी प्रमाण मराठीत हवी असं काही नाही. घरात 'मले माफ करा' बोलत असाल तर तसंच लिहा. पेत्राने 'भावाला क्षमा सात वेळा करायची का?' विचारलं आणि 'साताच्या सत्तर वेळा' हे उत्तर आलं. ते ४९० की ७७ यावर अभ्यासकांत वाद आहे, पण एकदाच करून संपत नाही यावर नाही. त्याला नागपुरी 'माफ करून राहिली' (म्हणजे माफ करते आहे) हे 'माफ केलं'पेक्षा चांगलं बसतं.