उन्हाळ्यात गडद साडी का नेसता?

बार्शीच्या एका ताईंचं पत्र आहे. वय 53, पाळी जाऊन चार वर्षं झाली. शौचाच्या जागी करंगळीच्या पेराएवढी गाठ आहे, दुखत नाही, असं त्यांनी नऊ महिन्यांपूर्वी फक्त धाकट्या जावेला सांगितलं होतं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला दहा-बारा बायका बसलेल्या असताना जावेनं विचारलं, ‘वहिनी, त्या गाठीचं डॉक्टरांना दाखवलंत का हो?’ तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद आहे. ताई लिहितात, ‘माझी लाज चव्हाट्यावर आणली तिनं. आधीच हल्ली गडद साड्याच नेसते म्हणून उकाड्यानं जीव नकोसा झालेला, त्यात हे. पन्ह्याचा पेला तसाच ठेवून उठले. गाठीला मेडिकलमधून मलम आणून लावतेच आहे. ती माफी मागत नाही तोवर मी का बोलावं?’

ताई,

जावेचं नंतर बघू. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या गडद साड्यांपाशी थांबले. बार्शीचा चैत्र म्हणजे पारा चाळिशीला टेकलेला. या दिवसांत बाई कपाटातली फिकी, धुवून मऊ झालेली सुती साडी काढते. तुम्ही घामाच्या धारा सोसत गडद साडी नेसताय आणि का ते लिहीत नाही. मी लिहिते. डाग दिसू नये म्हणून. पाळी तर चार वर्षांपूर्वीच गेली. मग डाग कशाचा? तुमच्या चार पानी पत्रात ‘दुखत नाही’ सहा वेळा आलंय, ‘रक्त’ एकदाही नाही.

माझा तर्क चुकीचा निघाला तर मला बरंच वाटेल. रक्त नसेल, नुसता चिकट ओलावा असेल, तर तोही डॉक्टरांना सांगायचा. आणि रक्त पुढच्या वाटेनं येत असेल, तर पाळी गेल्यानंतर तेही अंगावर काढायचं नसतं. कसंही असलं तरी तपासणी टळत नाही.

आपल्या भाषेत आजारालाच ‘दुखणं’ म्हणतात. म्हणून जे दुखत नाही तो आजारच नव्हे, असं आपण धरून चालतो. या जागेचं गणित वेगळं आहे. गुदद्वारापासून साधारण दोन सेंटीमीटर आत एक सीमा असते. तिच्या खालच्या कातडीला टोचलेलं, चिरलेलं सगळं कळतं. वरच्या अस्तराला ते कळतच नाही. म्हणून आतल्या मूळव्याधीचा मोड जोर केल्यावर बाहेर येतो, टपटप लाल रक्त पडतं आणि बाईला वेदना म्हणून काही होत नाही. गुदाशयाचा कर्करोगही सुरुवातीला असाच मुका असतो. उलट रक्ताची गुठळी, पू धरलेलं गळू किंवा चीर जीव कासावीस करते आणि माणूस त्याच दिवशी दवाखाना गाठतो. न दुखणारं मात्र नऊ-नऊ महिने पदराखाली राहतं.

तुमची गाठ बहुधा साधीच असेल. जुनी चीर भरल्यावर किंवा मूळव्याधीची सूज ओसरल्यावर तिथे कातडीची लोंब उरते, तिला काहीच करावं लागत नाही. आत ढकलला की जाणारा मोड असेल, विषाणूमुळे येणारी चामखीळ असेल. कर्करोग यात क्वचित निघतो. पण त्रेपन्नाव्या वर्षी रक्त जात असताना ‘मूळव्याधच आहे’ हे न बघता कुणी ठरवायचं नाही. तुम्ही नाही, मेडिकलवाल्यानं नाही आणि मीही नाही. बाहेर खरोखरच मूळव्याध असते आणि आत, वरच्या बाजूला, दुसरंही काही वाढत असतं, असं होतं. मलमानं ते कळत नाही. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या ‘विना ऑपरेशन मूळव्याध गायब’ वाल्यांकडे तर पाऊलही टाकू नका. त्यांच्या जाळणाऱ्या औषधांनी शौचाची वाट कायमची आखडलेल्या बायका आहेत.

तुम्हाला भीती आहे ती तपासणीच्या खोलीत काय होईल याची, म्हणून तेवढं सांगते. जनरल सर्जनकडे जायचं. बाई सर्जन मिळाल्या तर उत्तमच. नाहीतर नर्स शेजारी हवी असं सांगा, त्यात काही वावगं नाही. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायला सांगतात. वर चादर असते. आधी नुसतं बघतात, मग हातमोजा घालून, जेली लावून बोटानं तपासतात, मग आखूड नळी घालून आत बघतात. शौचाला लागल्यासारखं वाटतं, काही मिनिटांत आटोपतं. हिमोग्लोबिन तपासतील, कदाचित दुर्बिणीनं आतडं बघायला सांगतील. सांगितलं तर करा. शौचाच्या सवयीत बदल, शौचाला जाऊन आल्यावरही पुन्हा जावंसं वाटणं, वजन उतरणं, थकवा, यातलं काही असेल तर न विचारता सांगा. आणि रक्त थांबेनासं झालं, चक्कर आली, गाठ ठणकून ताप भरला किंवा बाहेर अडकून काळीनिळी पडली, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जायचं.

आता जावेचं. तिनं बायकांसमोर विचारायला नको होतं, हे मला मान्य आहे. पण नऊ महिन्यांत ‘दाखवलंत का’ असं तुम्हाला दुसऱ्या कुणी विचारलं? तुम्ही स्वतःलाही विचारलं नाहीत. तुमच्या त्या गाठीची आठवण घरात तिला एकटीला होती. तिच्याकडून माफी मिळवण्यात आणखी चार महिने घालवाल, याचा मला राग येतो, ताई. खरंच येतो.

हे वाचून झालं की तिलाच फोन करा. रुसव्याचा विषय काढू नका. ‘गुरुवारी सर्जनकडे जायचंय, माझ्याबरोबर येतेस का,’ एवढंच विचारा. ती येईल. आणि खोलीत ‘रक्त’ हा शब्द तुमच्या तोंडून निघाला नाही, तर तो तिनं उच्चारायचा, हे तिला आधीच सांगून ठेवा.