चाळिशीनंतर बेस गिटार शिकायची असेल तर वाद्य कोणते घ्यावे आणि सुरुवात कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : वय चाळिशीच्या पुढे आहे, शाळेत शिकलेल्या पेटीपलीकडे संगीताचे शिक्षण नाही, राहणे इमारतीत आहे आणि मित्रांच्या भावगीतांच्या बैठकीत बेसची साथ करण्याची इच्छा आहे, तर आधी साधी गिटार शिकावी का, बेस कोणती घ्यावी आणि अ‍ॅम्प (वाद्याचा आवाज मोठा करणारे यंत्र) किती वॅटचा असावा? मी ठाण्यात राहतो, नोकरी सांभाळून बरीच वर्षे हौसेने बेस वाजवतो आणि माझी साथही बहुतेक वेळा पेटी-तबल्याबरोबरच असते, म्हणून हे उत्तर जरा विस्ताराने लिहीत आहे.

आधी गिटार शिकण्याची गरज नाही. बेसच्या चार तारा ई, ए, डी आणि जी या स्वरांत लावतात, म्हणजे गिटारच्या जाड चार तारांच्या बरोबर एक सप्तक खाली. पण नावे सारखी असली तरी हातांचे काम वेगळे आहे. गिटारवादकाचा बराचसा काळ कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे अनेक स्वर, धरण्यात आणि त्या बदलण्यात जातो, तर बेस वाजवणाऱ्याला बहुतेक वेळ एकच स्वर सांभाळायचा असतो, आणि तो कोणता आहे याइतकेच तो किती काळ वाजतो आणि नेमका कुठे थांबतो याला महत्त्व असते. सुरांची जाण तुम्हाला पेटीने दिलेली आहे, आणि ती शिदोरी पुष्कळ आहे. उरते ते लयीचे आणि स्वरांच्या लांबीचे शिक्षण, आणि वाद्य असे निवडावे की जे या शिक्षणाच्या आड येणार नाही.

बेसची लांबी ही पहिली अडचण ठरू शकते, म्हणून तिच्याविषयी आधी लिहितो. मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून (नट) वाद्याच्या अंगावर तारा टेकतात त्या ब्रिजपर्यंत तारेचा जो वाजणारा भाग असतो तो प्रचलित बेसवर ३४ इंच असतो. गिटारवर तो साधारण साडेपंचवीस इंच असतो. याचा प्रत्यक्ष परिणाम असा की ३४ इंची बेसवर पहिले घर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमधली (फ्रेट) पहिली जागा, जवळजवळ ४८ मिलिमीटर रुंद असते आणि पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर १३ सेंटीमीटर भरते. चार बोटे चार फ्रेटवर ताणून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु खालच्या घरांत तो मध्यम आकाराच्या हाताला झेपत नाही आणि मनगट दुखू लागते. त्यापेक्षा उभ्या डबल बेसची (व्हायोलिनसारख्या आकाराचे, पण माणसाएवढे उंच, फ्रेट नसलेले वाद्य) जुनी पद्धत नवशिक्याला मानवते : तर्जनी, मधले बोट आणि करंगळी एवढीच वापरायची, अनामिकेने करंगळीला आधार द्यायचा आणि हात ताणण्याऐवजी तो सरकवायचा. पाचव्या फ्रेटच्या पुढे घरे अरुंद होतात, तिथे चार बोटांची पद्धत आपोआप सोयीची होते. हात फारच लहान असेल तर ३० इंची बेसही मिळते आणि तिच्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

बेसचे दोन नमुने तुम्हाला प्रत्येक दुकानात दिसतील, आणि दोन्हींचे मूळ लिओ फेंडर यांच्या कॅलिफोर्नियातील कारखान्यात आहे. १९५१ मध्ये आलेल्या प्रिसिजन बेसला ते नाव मिळाले ते फ्रेटमुळे, कारण डबल बेसवर केवळ कानाने शोधावा लागणारा स्वर फ्रेटवर नेमका सापडतो. १९६० मध्ये जॅझ बेस आली, तिची मान नटपाशी अरुंद, सुमारे ३८ मिलिमीटर असते आणि तिच्यावर दोन पिकअप (तारांची कंपने टिपणारे चुंबकी भाग) असतात. आज यामाहा, आयबानेझ, कोर्ट, स्क्वायर अशा अनेक नावांखाली मिळणाऱ्या सुरुवातीच्या वाद्यांत याच दोन नमुन्यांची, किंवा त्यांच्या मिश्रणाची, आवृत्ती असते. भावगीताच्या साथीला प्रिसिजनचा गोल, भरीव आवाज मला जास्त आवडतो; हात लहान असेल तर जॅझची अरुंद मान बरी. जॅझ बेस एकच पिकअप उघडा ठेवून वाजवली तर एक बारीक गुणगुण ऐकू येते आणि दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की ती नाहीशी होते, हे ठाऊक असावे, नाहीतर चांगल्या वाद्यावर उगाच बिघाडाचा संशय येतो. काही बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते. अशा वाद्यात केबल खोचलेली राहिली की वाजवत नसतानाही बॅटरी उतरत राहते, म्हणून वादन संपताच केबल काढून ठेवावी.

दुकानात गेल्यावर पट्टा लावून उभे राहा आणि दोन्ही हात सोडून द्या. मान जमिनीकडे झुकू लागली तर ते वाद्य बाजूला ठेवा, कारण पुढे डावा हात स्वर धरण्याऐवजी मान तोलण्यातच गुंतून राहील. साधारण चार किलोचे वजन खांद्यावर तासभर घ्यायचे असते, तेव्हा पट्टाही रुंद असावा. चमक, रंग आणि लाकडाचे नाव यांच्याकडे सुरुवातीला दुर्लक्ष केले तरी चालेल.

सर्वांत जास्त आग्रह मी एका गोष्टीचा धरीन, ती म्हणजे सेटअप, अर्थात मानेचा बाक आणि तारांची उंची जुळवून घेणे. नव्या वाद्याच्या खरेदीतून थोडी रक्कम मुद्दाम मागे ठेवावी आणि ती जाणकार कारागिराकडून वाद्य लावून घेण्यासाठी खर्च करावी. चारही तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात असतो; तो सतत मानेला पुढे ओढतो आणि मानेच्या आत बसवलेली लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, त्याला विरोध करते. या दोघांचा तोल घरी सहज पाहता येतो. जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटच्या वर किती फट राहते ते पाहायचे. एका व्हिजिटिंग कार्डाइतकी, म्हणजे साधारण पाव ते तृतीयांश मिलिमीटर फट असावी. फट मुळीच नसेल तर तारा फ्रेटवर खडखडतात, आणि जास्त असेल तर मधल्या फ्रेटवर तार दाबायला जोर लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट होते आणि पुढे हिवाळ्यात कोरडी, त्यामुळे लाकूड हलते. मी दर वर्षी जूनच्या अखेरीस आणि दिवाळीनंतर ही फट तपासतो. सळई फिरवायची झालीच तर एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवावी, वाद्य पुन्हा सुरात लावावे आणि एक दिवस थांबून मग पाहावे. त्यानंतर बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तारेची दोनच्या आसपास आली की नवख्या बोटांना वाद्य मऊ लागते. वापरलेली बेस घेत असाल तर हा सळईचा नट फिरतो की जाम झाला आहे, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. बाकीचे बहुतेक दोष दुरुस्त होतात, हा मात्र महागात पडतो.

तारांच्या बाबतीत ४५ ते १०५ जाडीचा (इंचाच्या हजाराव्या भागांत) नेहमीचा संच ठीक आहे. गोल तार गुंडाळलेल्या राउंडवाउंड तारांचा आवाज उजळ असतो आणि बोटे सरकवताना त्या खसखसतात. सपाट पट्टी गुंडाळलेल्या फ्लॅटवाउंड तारा महाग असतात, पण त्यांचा आवाज डबल बेसकडे झुकणारा असतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. मोटाउन या अमेरिकन ध्वनिमुद्रिका कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रणांत वाजवणारे जेम्स जेमर्सन हे फ्लॅटवाउंड तारा लावत, त्या क्वचितच बदलत आणि उजव्या हाताचे एकच बोट वापरत. पेटी-तबल्याच्या साथीला मी अशाच तारा लावतो.

इमारतीत राहून सराव कसा करायचा, हा तुमचा प्रश्न योग्य आहे. सर्वांत खालच्या ई तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात आणि एवढा खर्ज आवाज भिंती व स्लॅब भेदून शेजारी पोहोचतो, आपल्या खोलीत तो मंद वाटत असला तरीही. म्हणून पहिले वर्षभर अ‍ॅम्प नसला तरी चालेल. वाद्याच्या जॅकमध्ये बसणारा छोटा हेडफोन अ‍ॅम्प आणि कान पूर्ण झाकणारे चांगले हेडफोन घ्या. हेच हेडफोन गाणी ऐकण्यासाठीही लागतील, कारण मोबाइलच्या स्पीकरमधून बेसचा खालचा भाग बाहेरच पडत नाही. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांचे किंवा ए. आर. रहमान यांच्या ध्वनिमुद्रणांतील कीथ पीटर्स यांचे वादन हेडफोन लावून, गायकाकडे लक्ष न देता, फक्त खर्जाकडे कान लावून ऐका. स्वर कुठे सुरू होतो हे लवकर कळते; तो कुठे थांबवला आहे हे कळायला वेळ लागतो.

आता प्रत्यक्ष वादनाकडे येतो. बेसची बहुतेक पुस्तके आणि चित्रफिती ई, ए, जी अशा पट्ट्यांत शिकवतात, कारण तिथे खुल्या तारा कामी येतात. आपल्या बैठकीत मात्र पुरुष गायक काळी एक किंवा काळी दोन (पेटीच्या त्या काळ्या पट्टीवरचा षड्ज) सांगतो, गायिका काळी चार किंवा काळी पाच सांगते, आणि बेसच्या चारही खुल्या तारा पांढऱ्या पट्ट्यांवर आहेत. काळी एकचा षड्ज ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर मिळतो, त्याच फ्रेटवर वरच्या जाड ई तारेला खालचा पंचम मिळतो आणि जी तारेच्या सहाव्या फ्रेटवर वरचा षड्ज. तो खालचा पंचम म्हणजेच काळी चारचा षड्ज, त्यामुळे गायक बदलून गायिका आली तरी हात चौथ्या फ्रेटपाशीच राहतो. म्हणून सरावाची सुरुवात चौथ्या फ्रेटपासूनच करावी असे माझे मत आहे. तिथली घरेही पहिल्या घरापेक्षा थोडी अरुंद असतात.

यात एक धोका आहे. काळी एकमध्ये खुली ई तार म्हणजे कोमल गंधार, ए म्हणजे कोमल धैवत, डी म्हणजे कोमल ऋषभ आणि जी म्हणजे तीव्र मध्यम. शुद्ध स्वरांच्या गाण्यात यांतली एकही तार चुकून गुंजली तर ती सरळ बेसूर ऐकू येते. त्यामुळे न वाजणाऱ्या तारा हाताच्या स्पर्शाने गप्प ठेवणे हा बेसवादनाचा अर्धा भाग आहे. उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर न रोवता, ज्या तारेवर वाजवतो तिच्या वरच्या जाड तारांवर अलगद टेकवून ठेवायचा. तार छेडल्यावर तर्जनी वरच्या तारेवर येऊन थांबते, ती तिथेच राहू द्यायची. आणि डाव्या हाताच्या बोटांचे पोट खालच्या बारीक तारांना स्पर्श करत राहील असे ठेवायचे. हे शिकण्यासाठी वाद्य हेडफोनवर मोठ्या आवाजात ऐकावे आणि प्रत्येक स्वरानंतर शांतता खरोखर शांत आहे का ते तपासावे.

मग ठेका. केरव्याच्या आठ मात्रा घ्या : धा गे ना ती, न क धी न. नवशिके पहिल्या मात्रेवर षड्ज, पाचव्यावर पंचम असे लावून दोन्ही स्वर लांबवत राहतात आणि डग्ग्याचा घुमारा त्यात बुडून जातो, कारण डग्गा आणि बेस एकाच खर्जाच्या प्रदेशात वावरतात. मी पहिल्या मात्रेचा षड्ज धा बरोबर वाजवतो आणि गे येण्याच्या आत थांबवतो, म्हणजे गे चा घुमारा मोकळा राहतो. पाचव्या मात्रेवर काल (तालातली खाली) असतो, डग्गा बंद असतो; तिथे पंचम पूर्ण लांबीने भरतो आणि धी येण्याआधी सोडतो. स्वर थांबवण्यासाठी डाव्या हाताचे बोट तारेवरून उचलायचे नसते, नुसता दाब काढायचा असतो. बोट उचलले तर खुली तार बोलते. एवढीच दोन स्वरांची साथ साठच्या लयीत मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारे यंत्र) लावून रोज काही वेळ केली तर बैठकीत बसण्याइतकी तयारी होते. दादऱ्यात पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर हाच विचार चालतो.

षड्ज-पंचमाची ही जोडी सगळीकडे चालते असे मात्र समजू नये. मालकंसावर आधारलेले गाणे आले तर त्यात पंचम नाही. तिथे तानपुराही मध्यमात लावतात आणि बेसनेही मध्यमच धरावा. काळी एकमध्ये मालकंस असेल तर वर बेसूर ठरवलेल्या खुल्या ई आणि ए या तारा, कोमल गंधार आणि कोमल धैवत म्हणून, रागात चपखल बसतात, आणि एवढी मोकळी, लांब गुंजणारी साथ दुसऱ्या कुठल्या वाद्यावर मला मिळालेली नाही. मारव्यातही पंचम वर्ज्य आहे. गाणे ठरले की आधी पेटीवर त्याचे स्वर वाजवून पाहा, मग बेस हातात घ्या. तुमच्याजवळ पेटीची सवय आहे, तिचा इथे फार उपयोग होईल.

शिक्षक शोधताना स्वतः बेस वाजवणारा शोधा, गिटारचे वर्ग घेता घेता बेसही शिकवणारा नको. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूल यांच्या बेसच्या परीक्षा भारतात देता येतात आणि त्यांचा क्रम व्यवस्थित आहे, पण तुमचा हेतू साथ करण्याचा असल्यामुळे परीक्षेपेक्षा महिन्यातून एकदा तबल्यासमोर बसणे जास्त शिकवेल.

राहिला वॅटचा प्रश्न. तो बैठकीपुरताच येतो, म्हणून शेवटी ठेवला. दिवाणखान्यातल्या, मायक्रोफोनशिवायच्या बैठकीला २५ ते ५० वॅटचा बेससाठीच बनवलेला अ‍ॅम्प भरपूर होतो. गिटारचा छोटा अ‍ॅम्प मोठ्या आवाजात बेसला वापरू नये, त्याच्या स्पीकरला इजा होऊ शकते. सभागृहात ध्वनिव्यवस्था असेल तर डीआय बॉक्स (वाद्य मिक्सरला जोडण्याजोगे करणारी छोटी डबी) लावून वाद्य थेट त्यांच्या मिक्सरला जोडता येते आणि स्वतःचा अ‍ॅम्प फक्त ऐकण्यापुरता राहतो. घरात अ‍ॅम्प कोपऱ्यात जमिनीवर ठेवला की खर्ज फुगतो आणि स्वर अस्पष्ट होतात. तो कोपऱ्यापासून दूर, खुर्चीवर, तबलावादकाच्या बाजूला ठेवा आणि आवाज इतकाच ठेवा की त्यांना आपला डग्गा ऐकण्यासाठी हात जड करावा लागणार नाही. तबला लावून झाल्यावरच बेस त्या स्वराला मिळवून घ्या, कारण पेटी आणि तबला किंचित चढे-उतरे असतील तर ट्यूनरवर (सूर जुळला का ते दाखवणारे यंत्र) हिरवा दिवा लागूनही बेस वेगळीच ऐकू येते.