फ्रेटलेस बेस गिटारची तुमची आवडती रेकॉर्डिंग्ज कोणती?

माझ्यासाठी पहिलं नाव गायिका जोनी मिचेलच्या ‘हेजिरा’ या अल्बमचं (1976). बेसवादक जॅको पास्टोरियस त्यातल्या चारच गाण्यांत वाजवतो, पण ‘कोयोटी’ लावून बघा. बेस नुसता खालून ठेका धरत नाही, गाणारीच्या शेजारी बसून तिच्याशी बोलतो. फ्रेट नसलेल्या बेसला सतारीसारखे पडदे नसतात, त्यामुळे सरोदसारखी स्वरावरून स्वरावर सलग मींड घेता येते. बोट केसभर सरकलं तरी स्वर ढळतो, म्हणून कान पक्का लागतो.

त्यानंतर वेदर रिपोर्ट या जॅझ बँडच्या ‘हेवी वेदर’मधलं (1977) ‘अ रिमार्क यू मेड’. वादक पुन्हा जॅकोच. एकेक लांब स्वर तो असा धरून ठेवतो की माणूसच गातोय असं वाटतं. हे हेडफोनवरच ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर बेस हरवून जातो.

पॉल सायमनच्या ‘ग्रेसलँड’वर (1986) दक्षिण आफ्रिकेचा बकिथी कुमालो आहे. ‘यू कॅन कॉल मी अल’मधली त्याची छोटी बेसची धाव प्रसिद्ध आहे. तिचा दुसरा अर्धा भाग म्हणजे पहिलाच अर्धा भाग उलटा फिरवलेला. पॉल यंगच्या ‘व्हेअरएव्हर आय ले माय हॅट’ची (1983) सुरुवातही ऐकाच, तिथे पिनो पॅलाडिनो आहे.